गिरणेचा पाट आणि पाटणादेवीची वाट

खानदेश म्हटले की बाहेरच्या माणसाला केळी आणि ऊन या दोनच गोष्टी आठवतात. दोन्ही खऱ्याच. पण हिवाळ्यात हा प्रदेश पाहिला नसेल, तर खानदेश पाहिला असे म्हणू नये. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. आणि तिला भेटायला दक्षिणेकडून निघालेल्या पांझरा, बोरी, गिरणा या नद्या. या नद्यांच्या काठाने, पाटांच्या भरावावरून आणि डोंगराच्या पायथ्याने मुरमाच्या अनेक वाटा गेल्या आहेत. त्यांवर डांबर नसते, म्हणून मोठी वाहने फिरकत नाहीत. सायकलस्वाराला, विशेषतः साठी ओलांडलेल्या सायकलस्वाराला, यापेक्षा अधिक काय हवे?

पाश्चात्त्य देशांत अशा खडीच्या रस्त्यांवर चालवायच्या सायकलींना ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात. रुंद टायर, त्यांत थोडी कमी हवा, चढासाठी हलके गिअर आणि डगमगू न देणारी लांबट बांधणी ही त्यांची लक्षणे. २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. आमच्याकडचा दूधवाला मात्र दोन्ही बाजूंना कॅन लटकवून काळ्या, जाड दांड्याच्या सायकलीवरून याच मुरमातून पिढ्यान्‌पिढ्या जात आला आहे. त्याला कोणी पदक दिले नाही, एवढाच फरक.

मी गेली काही वर्षे रविवारी सकाळी या वाटांवर सायकल चालवतो. गेल्या डिसेंबरात माझ्यासोबत एक सेवानिवृत्त गणित शिक्षक होते. वय ६९. ते माझे जुने रुग्ण. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. मधुमेह बारा वर्षांचा, रक्तदाब गोळीने आटोक्यात. दीड वर्षापूर्वी महामार्गाच्या कडेने जाताना मागून आलेल्या ट्रकच्या भोंग्याने दचकून ते पडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाले, हाड जुळले. सायकल मात्र घरच्यांनी पोटमाळ्यावर टाकली.

घरच्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. पडलेल्या माणसाला रात्री उठवून बसवणे, त्याच्या सदऱ्याची बटणे लावणे, त्याची चिडचिड सोसणे हे ज्यांनी केले, त्यांची भीती खरी असते. पण वर्षभरात मी जे पाहिले तेही खरे होते. गुरुजी आधी सायकल विसरले, मग बाजारात जाणे, मग देवळापर्यंतचे चालणे. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला. तीन महिन्यांची सरासरी साखर चढली. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, त्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. हे चक्र मी दवाखान्यात रोज पाहतो. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढील माणसांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा व ताकदीचा सराव करा, असे मुद्दाम सांगते.

“डॉक्टर, तुम्ही लिहून द्या की यांनी सायकल चालवायची नाही,” असे सांगायला सूनबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. मी तसे लिहून दिले नाही. तपासण्या लिहून दिल्या. हृदयाची ताण-चाचणी, झोपून आणि उभे राहून मोजलेला रक्तदाब, पायांच्या तळव्यांची संवेदना, हाडांची घनता आणि डोळे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. आधी त्याची शस्त्रक्रिया झाली. झाडांखालच्या वाटेवर ऊन आणि सावली क्षणाक्षणाला बदलते, तिथे धूसर डोळ्यांना खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही. नंतर तीन महिने घरीच व्यायाम: खुर्चीतून हात न लावता उठणे-बसणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे. तेव्हा कुठे सायकल पोटमाळ्यावरून उतरली. उतरवली ती सूनबाईंनीच.

पहिल्या सकाळी आम्ही गिरणेच्या बाजूला गेलो. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी चाळीसगाव तालुक्यात येते तेव्हा तिचे पात्र विस्तीर्ण, वाळूचे आणि हिवाळ्यात बरेचसे कोरडे असते. जामद्याजवळ ब्रिटिश काळातला बंधारा आहे. तिथून निघालेल्या पाटांवर या खोऱ्यातली शेती उभी राहिली. रब्बीचे आवर्तन सुटले होते आणि पाट दुथडी वाहत होता. भरावावरची वाट सपाट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हरभरा, कांदा आणि पुरुषभर उंचीची दादर. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बांधावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “कथा चालनात, भाऊ?” गुरुजींनी “कोठेच नाही, नुसते फिरायला,” असे उत्तर दिले, तेव्हा बाबांना ते फारसे पटलेले दिसले नाही.

याच खोऱ्यात बहाळ गाव आहे. १९५०च्या दशकात तेथे उत्खनन होऊन तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष सापडले. गिरणेच्या काठी माणूस तेव्हापासून नांदतो आहे.

मुरमावर सायकल चालवण्याची रीत डांबरापेक्षा वेगळी असते. टायर दगडासारखे टणक ठेवले की प्रत्येक खडा मनगटात उतरतो. हवा थोडी कमी ठेवली की टायरच धक्के पितो. मूठ घट्ट आवळू नये, कोपर किंचित वाकलेले असावेत, नजर पुढच्या चाकावर नव्हे तर पंधरा-वीस पावले पुढे असावी. सैल वाळूत पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक घसरते. बैठकीची उंची अशी ठेवावी की टाच पेडलवर टेकवून पेडल तळाशी नेले असता पाय सरळ होईल. बैठक खाली ठेवल्याने गुडघे दुखतात आणि दोष मात्र वयाला दिला जातो. आणि दांडा खाली असलेली, ज्याला आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो, ती वृद्धांसाठी उत्तम. चढता-उतरताना पाय उंच टाकावा लागत नाही. पुरुषांना तिची लाज वाटते, हा आमच्या समाजाचा एक विनाकारण खर्चिक आजार आहे. गुरुजींनी ती लाज सोडली आणि नातीची सायकल घेतली.

दुसऱ्या दिवशी पाटणादेवी. चाळीसगावपासून अंतर सुमारे १८ किलोमीटर. गाव मागे पडले की दक्षिणेला डोंगराची निळसर भिंत दिसू लागते आणि प्रत्येक वळणावर ती जवळ येते. हा गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा भाग; १९८६ साली तो संरक्षित झाला. रान पानझडीचे: साग, धावडा, सालई, अंजन, पळस. डिसेंबरात सागाची पाने करड्या कागदासारखी चाकाखाली वाजतात. या जंगलात बिबट्याचा वावर आहे. म्हणून आम्ही उजाडल्यावर शिरलो, ठरलेला रस्ता सोडला नाही आणि वनविभागाचे नियम पाळले. एकट्या वृद्धाने इथे सायकल घेऊन येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

शेवटचा चढ लागला तेव्हा गुरुजी बोलायचे थांबले. मी ती खूण मानतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग दबतो, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबता येत नाही; चालवताना दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत, हे माप अधिक विश्वासाचे. मी काही म्हणायच्या आतच ते उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. दूधवालेही चढावर उतरतातच. पुढच्या सावलीत बसून त्यांनी साखर तपासली: ७८. श्रमाच्या मध्यावर मला एवढी कमी आवडत नाही. त्यांच्या दोन गोळ्यांपैकी एक साखर फार उतरवू शकते. चार चमचे ग्लुकोज पाण्यातून घेतले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, १०४ आले. मग डब्यातली कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत. मागून सूनबाई गाडीने येत होत्या. त्यांनी हे आकडे वहीत टिपून घेतले.

डोंगरी नदीच्या काठी, डोंगरांच्या अर्धवर्तुळात चंडिकादेवीचे हेमाडपंती मंदिर आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला शिलालेख इथलाच. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे तो सांगतो, काळ इ.स. १२०७च्या सुमाराचा. भास्कराचार्य याच परिसरातले की विजापूरकडचे, हा वाद विद्वान अजून घालतात. गुरुजींना त्या वादात रस नव्हता. चाळीस वर्षे लीलावतीतली उदाहरणे फळ्यावर मांडली, पण इथे येणे कधी झाले नाही, एवढेच ते म्हणाले. मग पायरीवर बसून त्यांनी आम्हांला हिशेब करायला लावला. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. ‘सिद्धांतशिरोमणि’ त्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी लिहिला. आणि ‘करणकुतूहल’ ११८३ साली. म्हणजे कितव्या वर्षी? सूनबाईंनी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली आणि सासऱ्यांकडे पाहून हसल्या.

इथून वर पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. ती चढण गुडघेदुखी किंवा हृदयविकार असलेल्यांनी टाळावी; आम्हीही टाळली. चढ मुळीच नको असेल त्यांनी धुळ्याकडे पांझरेच्या काठची फडांची वाट धरावी. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि प्रत्येक फडात सर्वांचे एकच पीक, अशी ही शेकडो वर्षांची सामाईक पाणीव्यवस्था. तिथल्या पाटांच्या कडेने सायकल जवळजवळ आपोआप चालते.

निघण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. छातीत दुखणे, उठताना चक्कर, वर्षभरात दोनदा पडणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग सायकल. रक्त पातळ करणारी औषधे घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर त्याला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी प्रकट होऊ शकतो. पाणी थोडे-थोडे प्यावे. मात्र हृदयाच्या दुर्बलतेमुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी प्रमाण विचारूनच ठरवावे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून आमचे ऊन कोणाच्या वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. वाळूचे ट्रॅक्टर दिसले की उतरून कडेला उभे राहावे. हेल्मेटविषयी मी चर्चाच करीत नाही.

परतीच्या उतारावर गुरुजी माझ्या पुढे होते. मार्चमध्ये ते तपासणीला आले तेव्हा सरासरी साखर उतरली होती आणि खुर्चीतून ते हात न टेकता उठले. सूनबाईंच्या अटी आता ठरल्या आहेत: महामार्ग नाही, खिशात ग्लुकोज आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी, नऊच्या आत घरी. सायकल ओसरीवर असते. पळस फुलायच्या आत एकदा सातपुड्याकडे पाल पाहून येऊ, असे त्यांनी मला सुचवले होते. ते मात्र या वर्षी राहिले. पळस फुलून गेला.