आयर्विनला किती फूट?

मार्केटिंगमधल्या कुणालाही गाठा आणि विचारा, 'तुमचा तो डॅशबोर्ड रोज कोण उघडतं?' समोरचा नुसता हसेल. रंगीत तक्ते, गोल गोल आलेख, ढीगभर फिल्टर... दिसायला सगळं सॉलिड! पहिल्या आठवड्यात सगळं ऑफिस बघतं, दुसऱ्या आठवड्यात बॉस, आणि तिसऱ्यात फक्त तो बनवणारा. मग नवा फंडा आला. लोक रिपोर्टकडे जात नाहीत ना, मग रिपोर्टच लोकांकडे पाठवा. ते दिवसभर जिथे पडीक असतात तिथे. स्लॅकवर, टीम्सवर, टेलिग्रामवर. सकाळी टुणकन मेसेज पडतो : काल जाहिरातींवर इतका खर्च, इतक्या चौकशा आल्या, एक चौकशी इतक्या रुपयांना पडली.

माझी रोजीरोटी यावरच आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरणाऱ्या आमच्या सेल्सच्या मंडळींपर्यंत हे आकडे पोहोचवायचे. ही माणसं टेबलाशी सापडत नाहीत. एक जण कराडच्या स्टँडवर, दुसरा विट्याला, मिरजेची ताई कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर. त्यांना लॉगिन-पासवर्ड देणं म्हणजे दिल्यासारखं करणं. म्हणून टेलिग्रामचा ग्रुप. तिथे 2015 पासून बॉट टाकता येतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तशी अधिकृत सोय तेव्हा नव्हती. गूगल शीटच्या मागे एक छोटीशी स्क्रिप्ट बसवली, की ती रोज सकाळी नऊ ते दहाच्या मध्ये कधीतरी धावते. तास आपण ठरवायचा, मिनिट तिच्या मर्जीचं. अगदी एसटीसारखं!

पण गंमत अशी, की ग्रुप कधीच नुसता रिपोर्टचा राहत नाही. वाढदिवस येतात, साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचे फोटो येतात, 'खंबाटकीत ट्रॅफिक हाय का?' ही चौकशी येते. आणि आकड्यांना उत्तरंही येतात. डॅशबोर्डशी कुणी भांडत नाही, बॉटशी मात्र सगळे भांडतात. विट्याच्या चौकशा घसरल्याचा लाल बाण आला, की खाली तिथला गडी लिहितो, "मॅडम, काल यात्रा हुती. फोन कोण उचलनार?" ही एक ओळ कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडली नसती. मला विचाराल, तर रिपोर्ट ग्रुपमध्ये टाकायचा खरा फायदा हाच आहे. बाकीचं सगळं सेल्सवाल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचं कौतुक.

मात्र माणसांच्या गप्पांमध्ये घुसायचं, तर गप्पा कसल्या चालल्यात तेही कळायला हवं ना?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला पूर आला. तेव्हा मी ज्या कंपनीत होते, तिथला रिपोर्टचा साचा हेड ऑफिसने ठरवलेला. त्यात हात घालायची आम्हाला परवानगी नव्हती. ग्रुपमध्ये त्या दिवसांत एकच विषय. कुणाच्या घरात पाणी शिरलंय, कुणाची आई पहिल्या मजल्यावर अडकलीय, बोट कुठल्या चौकापर्यंत येतेय, कुणाकडे पॉवर बँक आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये, सकाळी, बॉटचा मेसेज. 'सांगली : चौकशा 0.' शेजारी लाल बाण. शेवटी रोजचंच वाक्य, 'आज जोर लावा, टीम!'

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच आलं. तिसऱ्या दिवशी मिरजेची ताई ग्रुप सोडून गेली. मी हेड ऑफिसला फोन केला, तर म्हणाले, ऑटोमेटेड आहे, सोमवारी बघू.

त्याच दिवसांत दुसरा एक रिपोर्ट मात्र सगळे डोळ्यांत तेल घालून वाचत होते. सांगलीकरांना तो सांगायची गरज नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं. कोयना धरण सातारा जिल्ह्यातलं; तिथलं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि मग सांगलीकडे येतं. म्हणजे साताऱ्याचा आकडा हा सांगलीचा उद्याचा प्रश्न. मेसेज दोन ओळींचा. पण 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. त्यामुळे '43' एवढं वाचलं, तरी सामान वर चढवायचं का ते घरात ठरतं. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं.

पुढे नोकरी बदलली. नव्या ठिकाणी साचा मीच बनवला आणि सरळ आयर्विनची नक्कल केली. आकडा एकच : काल आलेल्या चौकशांपैकी किती जणांना अजून फोन गेलेला नाही. त्याला इशारा पातळी आणि धोका पातळी, दोन्ही टीमने बसून ठरवलेल्या. इशाऱ्याच्या खाली असेल, तर बॉट गप्प. पहिल्या महिन्यात बॉसला वाटलं, स्क्रिप्ट बंद पडलीय! माणसांची क्रमवारी ग्रुपमध्ये लावायची नाही; ज्याचा आकडा त्याला वेगळ्या मेसेजने. आणि कालचे आकडे 'कच्चे' असंच लिहून जातात, कारण गूगल ॲनालिटिक्सला ते पक्के करायला 24 ते 48 तासही लागू शकतात. कच्च्या आकड्यावर कुणाला झापायचं, म्हणजे कच्च्या पावतीवर वसुलीला जाण्यासारखं.

आणखी एक सोय केली. ग्रुपमधल्या कुणीही 'थांब' लिहिलं, की बॉट त्या तालुक्यापुरता थांबतो. कारण विचारत नाही, वरची मंजुरी लागत नाही. बॉसची धाकधूक अशी, की सगळे रोज 'थांब' लिहितील. गेल्या पावसाळ्यात ते दोनदाच लिहिलं गेलं. एकदा पाणी चढत होतं म्हणून. दुसऱ्यांदा विट्याच्या गड्याकडे बारसं होतं.