देरासराभोवतीचे अहमदाबाद

अहमदाबादच्या जुन्या नगरात ‘पोळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निरुंद गल्ल्यांच्या वस्त्या आहेत. कोरीव लाकडी घरे, पाखरांना दाणे घालण्याचे चबुतरे, पावसाचे पाणी साठविणारी भूमिगत टाकी आणि घरांच्याच रांगेत वसलेली जिनमंदिरे असे त्यांचे रूप आहे.

या ठेव्याच्या रक्षणासाठी महानगरपालिकेने १९९६ मध्ये स्वतंत्र वारसा विभाग स्थापिला. १९९७ पासून वारसा-पदयात्राही सुरू झाली. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघणारी ही वाट हाजा पटेलनी पोळमधील शांतिनाथ जिनालय व अष्टापदजीचे देरासर दाखवीत जामा मशिदीपाशी संपते. २०१७ मध्ये युनेस्कोने या नगराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. भारतातील नगरांत हा मान सर्वप्रथम अहमदाबादला लाभला. वारसा-घर जतन करणाऱ्या मालकाला तेथे न वापरलेला बांधकामाचा हक्क अन्यत्र विकण्याची मुभाही आहे.

तथापि अनेक जैन कुटुंबे साबरमतीपलीकडे पालडीसारख्या भागांत स्थिरावली. देरासरात पूजा होते, पण शेजारचे घर कुलूपबंद राहते. वाळवी आणि ओल त्याला पोखरतात. मंदिराचा सांभाळ संघ करील, घराचा कोण करणार?

ज्यांचे वडिलार्जित घर तेथे असेल, त्यांनी ते विकसकाच्या हाती सोपविण्यापूर्वी वारसा विभागाकडे अवश्य चौकशी करावी. आणि दर्शनास जाणाऱ्यांनी देरासराची पायरी उतरल्यावर घटकाभर ती गल्लीही पाहावी. ज्या श्रावकांनी ही मंदिरे उभारली, त्यांचा संसार तेथेच नांदला होता.