मिलानचा सायकलशिंपी

इटलीच्या उत्तरेकडील मिलान हे शहर भारतीय प्रवाशांना मुख्यतः तिथल्या संगमरवरी कॅथीड्रलसाठी, उंची वस्त्रांच्या दालनांसाठी आणि व्यापारी प्रदर्शनांसाठी परिचित आहे. शहराच्या वायव्य भागात, जिथे पूर्वी ही प्रदर्शने भरत त्या मैदानावर, आता काचेचे तीन उत्तुंग मनोरे उभे आहेत. एक सरळ, दुसरा पीळ दिल्यासारखा आणि तिसरा किंचित वाकलेला. या मनोऱ्यांपासून थोड्याच अंतरावर लांबट गोलाकाराचे एक जुने क्रीडागार आहे. त्याचे नाव विगोरेल्ली. सहलींच्या ठरीव कार्यक्रमात त्याचा समावेश सहसा नसतो. परंतु सायकलवर प्रेम करणाऱ्यांच्या लेखी या जागेचे मोल कॅथीड्रलहून कमी नाही.

विगोरेल्लीचा लाकडी ट्रॅक १९३५ साली खुला झाला. त्याची एक फेरी सुमारे चारशे मीटरची असून दोन्ही वळणांवर फळ्यांचा पृष्ठभाग भिंतीसारखा वर चढत जातो. एका तासात सायकलस्वार किती अंतर कापतो, हा सायकल शर्यतींतील अत्यंत कठीण विक्रम मानला जातो. १९३५ ते १९५८ या काळात पुरुषांच्या गटात तो जितक्या वेळा मोडला गेला, तितक्या वेळा तो याच फळ्यांवर मोडला गेला. महायुद्धाच्या काळात, ७ नोव्हेंबर १९४२ रोजी, मिलानवर बॉम्बहल्ल्यांचे सावट असताना फाउस्तो कोप्पी या तरुणाने आधीचा विक्रम अवघ्या ३१ मीटरने मागे टाकला. पुढे १९६५ साली बीटल्सचे गायनही याच क्रीडागारात झाले.

प्रेक्षकांच्या आसनांखाली रिकाम्या राहिलेल्या जागेत महायुद्धानंतर एक कार्यशाळा सुरू झाली. तिचे मालक फालिएरो मासी मूळचे फ्लॉरेन्सजवळच्या सेस्तो फिओरेन्तिनो गावचे. १९३० च्या दशकात ते स्वतः व्यावसायिक शर्यतींत उतरत असत. सायकल कुठे साथ देते आणि कुठे दगा देते, हे त्यांनी आधी स्वतःच्या पाठीने आणि पायांनी जाणले होते. सायकलींच्या जगात लोक त्यांना ‘इल सार्तो’ म्हणू लागले. सार्तो म्हणजे शिंपी.

हे नाव केवळ कौतुकाचे नव्हते. कामाची रीत त्यात नेमकी सांगितलेली होती. शिंपी कापडाला कात्री लावण्यापूर्वी जसे माप घेतो, तसेच फ्रेम घडवणारा कारागीर आधी माणूस मोजतो. पायांची लांबी, मांडीची लांबी, धड, हात, खांद्यांची रुंदी यांची नोंद होते. त्याखेरीज बसण्याची सवय कशी आहे, चढावर कसब आहे की सपाटीवरील वेगावर, हेही विचारले जाते. मग कागदावर फ्रेमचा आराखडा उतरतो. सीटखालची नळी जमिनीशी किती अंशांचा कोन करील, पुढचा चिमटा किती झुकेल, हे ठरते. या कोनांत एका अंशाचा फरक पडला, तरी तीच सायकल एखाद्याला चपळ वाटते आणि दुसऱ्याला बिचकणारी.

यानंतर नळ्यांची निवड होते. मिलानमध्येच आंजेलो लुइजी कोलंबो यांनी १९१९ साली सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे ‘कोलंबस’ या नावाच्या पोलादी नळ्या जगभर गेल्या. त्यांपैकी शर्यतीच्या सायकलींसाठी नावाजलेल्या एका प्रकारात नळीची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर, तर मध्यभागी केवळ ०.६ मिलिमीटर असे. सांध्यावर ताण अधिक येतो म्हणून तिथे धातू अधिक. मधल्या भागात तो गरजेपुरताच. वजन वाचवायचे, पण बळकटीशी तडजोड करायची नाही, हा हिशेब प्रत्येक नळीत मांडलेला असतो.

नळ्या एकमेकींशी जोडताना पोलाद वितळवले जात नाही. एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर तंतोतंत बसेल असे कानशीने घासून घेतात. ती टोके ‘लग’ नावाच्या पोलादी जोडतुकड्यात बसवतात आणि सांध्याला टाकणखारयुक्त लेप लावतात. सोनाराच्या भट्टीजवळ बसलेल्यांना टाकणखाराची ओळख सांगावयास नको. मग ज्योतीखाली सांधा लाल होऊ लागला की पितळेची सळई टेकवतात. वितळलेले पितळ नळी आणि लग यांच्यामधील केसाएवढ्या फटीत आपोआप ओढले जाते. सुमारे नऊशे अंश उष्णतेला हे घडते. उष्णता कमी पडली तर पितळ आतपर्यंत पोहोचत नाही. जास्त झाली तर पातळ पोलादाचे बळ जाते. हे अनुभवी कारागीर धातूच्या रंगावरून ओळखतो. सांधा वरून सुबक दिसला, तरी आत पितळ किती पसरले आहे ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्या अदृश्य भागावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उतारावरून सुटलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. या व्यवसायातील सचोटीची जागा नेमकी तिथे आहे.

मासी यांच्या कामाला आणखी एक विलक्षण बाजू होती. शर्यतीतील खेळाडू एखाद्या सायकल कंपनीशी कराराने बांधलेला असे. सायकलवर त्या कंपनीचेच नाव असणे आवश्यक होते. परंतु मोठ्या खेळाडूंना अंगाच्या मापाची, भरवशाच्या हाताची फ्रेम हवी असे. ती विगोरेल्लीतील कार्यशाळेत घडे, तिच्यावर दुसऱ्याच कंपनीचा रंग चढे आणि दुसऱ्याचेच नाव झळके. बेल्जियमचा एडी मर्क्सही मासींनी घडवलेल्या फ्रेमवर शर्यती धावला. जाणकारांना खरे ठाऊक असे. छायाचित्रांत मात्र त्याचा मागमूस नसे.

स्वतःच्या नावाने त्यांनी बनवलेल्या सायकलींत ‘ग्रान क्रितेरियुम’ ही विशेष गाजली. १९७० च्या दशकाच्या आरंभी मासींनी अमेरिकेतील आपल्या नावाचे हक्क तिथल्या एका उद्योजकाला विकले. कॅलिफोर्नियात कार्ल्सबाड येथे नवी कार्यशाळा उभी राहिली. ती मार्गी लावण्यासाठी फालिएरो स्वतः काही काळ तिथे गेले, आपली रीत शिकवली आणि पुढे इटलीस परतले. १९७९ च्या ‘ब्रेकिंग अवे’ या अमेरिकी चित्रपटात नायकाजवळ लाल रंगाची मासी सायकल होती. नावाचा बोलबाला आणखी वाढला. नंतर अमेरिकेतील ते नाव एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले आणि आज ते घाऊक प्रमाणावर सायकली विकणाऱ्या एका कंपनीकडे आहे.

मिलानमध्ये मात्र फालिएरो यांचे पुत्र आल्बेर्तो त्याच आसनांखाली काम करीत राहिले. त्यांनी १९८० च्या दशकात अधिक जाड व्यासाच्या नळ्या आणि सांध्याच्या आत लपणारे लग यांवर बेतलेली ‘थ्री-व्ही’ ही फ्रेम घडवली. ती अमेरिकेत विकावयाची, तर तिच्यावर वडिलांचे नाव घालता येईना. कारण तिथे ते नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे होते. म्हणून अमेरिकेत ती ‘मिलानो थ्री-व्ही’ या नावाने गेली. पुत्राजवळ वडिलांची कार्यशाळा होती, अवजारे होती, हात होता. तेवढे नाव नव्हते.

व्यापारी घराण्यांना या प्रसंगातील मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पेढीचे नाव ही मालमत्ता आहे. ताळेबंदात तिला ‘गुडविल’ म्हणून स्थान असते आणि तिची रीतसर किंमतही ठरते. फालिएरोंनी केलेला व्यवहार कायद्याच्या दृष्टीने चोख होता आणि त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. तरीही ज्या गुणामुळे त्या नावाला किंमत आली, तो गुण खरेदीखतात उतरवता आला नाही. तो कानस धरणाऱ्या बोटांत आणि लालीची छटा ओळखणाऱ्या डोळ्यांत राहिला. विकत घेणाऱ्याला नाव मिळाले, वारसाला विद्या मिळाली, आणि दोन्ही एका छताखाली राहिली नाहीत. आपल्या नावावर तीन-चार पिढ्यांनी जमवलेला विश्वास कुणाच्या हाती सोपवावयाचा, हा प्रश्न मिलानइतकाच पुण्या-कोल्हापुरातही खरा आहे.

विगोरेल्लीचा लाकडी ट्रॅकही मध्यंतरी ओस पडला होता. तो काढून टाकून क्रीडागाराचे रूप पालटण्याची योजना पुढे आली, तेव्हा शहरातील सायकलप्रेमींनी ती उचलून धरू दिली नाही. वास्तूला वारसा म्हणून संरक्षण मिळाले, फळ्या दुरुस्त झाल्या आणि पुन्हा चाके फिरू लागली. मिलानला व्यापाराच्या निमित्ताने जाणाऱ्यांनी एखादी सकाळ राखून ठेवून हे ठिकाण अवश्य पाहावे. वर विक्रमांच्या फळ्या आहेत आणि खाली ती जागा, जिथे सायकल बनण्यापूर्वी माणसाचे माप घेतले जात असे.