वीस वॅटचा निखारा

बॅटरीवरच्या ड्रिल मशीनचं दुखणं बऱ्याचदा एकाच रीतीनं सुरू होतं. बटण दाबलं की कधी फिरतं, कधी नाही. मुठीवर एक थाप मारली की पुन्हा सुरू. मग आपण थापा मारायला शिकतो (जुन्या टीव्हीला मारायचो ना, तशा), आणि महिनाभरात मुठीतून करपल्यासारखा वास येऊ लागतो. आमच्या घरातल्या मशीनचं अगदी असंच झालं.

दुरुस्तीवाल्यानं ते उघडलंसुद्धा नाही. "बटणासकट सगळा सेट बदलावा लागेल" म्हणाला, आणि जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली की नवंच आलं असतं. मी जवळजवळ तयार होतो. पण हे मशीन बाबांचं. 2015 साली त्यांनी ते स्वतः दुकानात जाऊन, दहा वेळा हातात तोलून घेतलं. घरातल्या झाडून सगळ्या मांडण्या, पडद्यांचे रॉड, आईचं देवघर, सगळं त्यावरच बसवलंय. गेली दोन वर्षं त्यांचे हात कापतात. नवं आणू का, असं विचारल्यावर ते नुसतं "आणा" म्हणाले. त्या "आणा"नंतर मला काही आणवेना.

तर एका रविवारी आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला आणि मशीन उघडलं. आतल्या जोडणीचे फोटो काढून ठेवले, कारण अशा डब्यातल्या वायरी उघडताना शहाण्या वाटतात आणि मिटताना नाही. बॅटरी जिथे बसते तिथून एक लाल आणि एक काळी वायर निघून बटणाकडे जाते. लाल वायरीच्या टोकाचं चपटं थिंबल काळंनिळं पडलं होतं, बाजूचं प्लास्टिक वितळून ओघळलं होतं. मोटर ठीक. बटण ठीक. बॅटरीही ठीक. बिघाड होता तो दोन-चार रुपयांच्या पितळेच्या तुकड्यात.

एवढ्याशा जागेत एवढी आग कुठून, याचा हिशोब मजेशीर आहे. 240 वॅटचं काम करायला घरच्या 230 व्होल्टवर जेमतेम एक अँपिअर लागतो. तेच काम 12 व्होल्टच्या बॅटरीवर करायचं तर 20 अँपिअर. आणि जोडातली उष्णता वाढते ती करंटच्या वर्गानं. थिंबलची पकड सैल होऊन तिथे नुसता 0.05 ओहमचा अडथळा आला, तरी 20 गुणिले 20 गुणिले 0.05, म्हणजे 20 वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे! म्हणजे ड्रिल जोरात चालवताना मुठीत जवळपास एक सोल्डरिंग आयर्न पेटवून धरल्यासारखंच. त्यानं पितळ तापतं, तापलेल्या पितळेचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, अडथळा वाढतो, आणखी तापतं.

ते आयर्न मी बाहेर काढलंच होतं. पेपर वाचणारे बाबा मान वर न करता म्हणाले, "डाख नको. क्रिंप कर."

बाबांची नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बनवण्याची. एकतीस वर्षं. डाख वायरीच्या बारीक तारांमध्ये झिरपतो आणि तेवढा भाग काडीसारखा कडक होतो. मग थरथरीनं वायर नेमकी त्या कडेला तुटते. शिवाय साधा डाख 183 अंशांना मऊ पडायला लागतो, आणि आपली जागा तर तापण्याच्याच रोगाची. बाबांनी हे सगळं तीन शब्दांत सांगितलं : "थरथरीत टिकत नाही."

तपकीर गल्लीतून 6.3 मिलिमीटरची थिंबल आणली (मोजली बाबांच्या व्हर्नियरनं), श्रिंक स्लीव्ह आणली आणि रॅचेटवाली क्रिंपिंगची पक्कड. वायर मागे मागे छाटत गेलो, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर जोड धरत नाही. जवळपास दोन सेंटिमीटर गेली. वायरीला मुठीत वळसा होता म्हणून पुरली. बटणाची पाती बारीक पॉलिश पेपरनं घासली. तिला खड्डे पडले असते तर मात्र बटणच बदलावं लागलं असतं.

या पकडीची एक गंमत आहे. ती पूर्ण मिटल्याशिवाय सुटतच नाही. हात कापो, थांबो, दाब पुरा बसणारच. मी वायर आणि थिंबल जबड्यात धरून ठेवलं आणि पक्कड बाबांपुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी दाबली. टिक, टिक, टिक... आणि सुटली.

"आता ओढ," म्हणाले. ओढली. "अजून. तुटली तर तुटू दे, निसटता कामा नये."

निसटली नाही. मग काळ्या वायरीचं थिंबलही, तापलेलं नसताना, त्यांनी बदलायला लावलं. तेही त्यांनीच दाबलं. मशीन पहिल्या झटक्यात फिरलं. आईनं लगेच बाल्कनीतल्या दोरीच्या हुकाचं काम काढलं. भोक मी पाडलं, कुठे पाडायचं ते बाबांनी सांगितलं, आणि ते दोन इंच उजवीकडे हवं होतं असं आईनं.

असो. थिंबलं शंभराच्या पाकिटातच मिळाली, त्यातली अठ्ठ्याण्णव उरलीत. नातेवाइकांपैकी किंवा इथल्या मित्रमंडळींपैकी कुणाचं मशीन थापेवर चालत असेल तर घेऊन या. पक्कड दाबायला माणूस घरात आहे.