आकडी थांबली, पण शब्द अडला

अभनपूरमधल्या एखाद्या मराठी घरातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. गॅसवर दूध वर येते आहे. मोठी सून हात पुढे करून धाकट्या जावेला म्हणते, "अगं, ते दे... ते..." वस्तू समोर आहे, तिचा उपयोगही ठाऊक आहे, पण 'सांडशी' हा शब्द काही केल्या ओठांवर येत नाही. दूध उतू जाते. सासूबाई वैतागतात, "एवढे ऑपरेशन झाले, आकडी थांबली. आता तरी कामात लक्ष दे!"

तिचे लक्ष कामातच असते.

औषधांनी न आवरणाऱ्या अपस्मारावर शस्त्रक्रिया आपल्या देशात नवी नाही. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी ती १९५२ मध्ये केली होती. अशा रुग्णांत आकडीचा उगम अनेकदा कानशिलाच्या आत, मेंदूच्या ज्या भागात असतो, तिथेच नव्या आठवणी घडतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. म्हणून डावीकडचा भाग काढला तर वस्तूंची नावे, निरोप, नुकतेच ऐकलेले बोलणे निसटू शकते. २०११ मधल्या एका आढाव्यानुसार डाव्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात सुमारे ४४ जणांची, तर उजव्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे २० जणांची शब्दांची स्मरणशक्ती घटते. आधी जिची स्मरणशक्ती उत्तम, तिला धोका अधिक.

हे ज्ञान फार महाग पडले. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. आकड्या कमी झाल्या. पण २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण जवळजवळ टिकली नाही. तेव्हापासून दोन्ही बाजूंना हात लावत नाहीत आणि शस्त्रक्रियेआधी भाषा व स्मरणशक्ती तपासतात.

मग शस्त्रक्रिया टाळावी का? मुळीच नाही. वारंवार येणाऱ्या आकड्याही स्मरणशक्ती पोखरतात. शिवाय चुलीपाशी, विहिरीपाशी जिवाला धोका असतो तो वेगळाच. मात्र होकार देताना "आकडी थांबेल ना?" याबरोबर "काय काय विसरायला होईल?" हेही डॉक्टरांना विचारावे. आणि विचारताना तिला बाहेर बाकावर बसवू नये.

घरी आल्यावर उपाय साधे आहेत. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. निरोप एका वेळी एकच द्यावा. दूधवाल्याचा हिशेब, मुलांच्या परीक्षेच्या तारखा वहीत लिहाव्यात. आकडी थांबली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. शब्द अडला तर हसू नये.

उद्या पुन्हा दूध वर येईल. सासूबाईंनी सांडशी तिच्या हातात द्यावी. नाव तिला मागाहून आठवेल.