रिग्रेटफुली की रिग्रेटेबली?

हे दोन इंग्रजी शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात, स्वभाव मात्र वेगळा. वर्गात मी मुलांना सांगायची, शब्दाचं शेपूट बघा. 'फुल' म्हणजे भरलेला, 'एबल' म्हणजे करण्याजोगा. पहिल्यात माणूस खेदाने भरलेला असतो, दुसऱ्यात घटना खेद करण्याजोगी असते. पाहुणे रिग्रेटफुली निघाले म्हणजे त्यांचा पाय निघत नव्हता. रिग्रेटेबली पाहुणे निघाले, म्हणजे वाईट बोलणाऱ्याला वाटतंय; पाहुण्यांना 'सुटलो बुवा' असंही वाटलं असेल! आपल्याकडे 'खेदपूर्वक' आणि 'खेदाची गोष्ट म्हणजे' यांत हाच फरक आहे.

हल्ली वाक्याच्या सुरुवातीला सर्रास रिग्रेटफुलीच लिहितात. 'होपफुली'चं असंच झालं होतं. त्यावर कितीतरी वर्षं वाद चालला आणि शेवटी २०१२ साली असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेनेही ते मान्य केलं. असो. मी काही त्यावर लाल शाई सांडणार नाही.

पण कधी कधी हा प्रश्न नुसता व्याकरणाचा राहत नाही. माझी भाची एका संस्थेत शिष्यवृत्त्यांचं काम बघते. यंदा पैसे कमी पडले आणि नऊ मुलांना नकार कळवायचा होता. तिने इंग्रजी मसुदा मला दाखवला. सुरुवात होती 'रिग्रेटेबली', पुढे अर्ज मंजूर होऊ शकला नाही वगैरे. व्याकरण निर्दोष. पण वाईट कुणाला वाटतंय? पावसाने सामना रद्द व्हावा तसा तो नकार आपोआप झाल्यासारखा वाटत होता. 'अनफॉर्च्युनेटली' तर त्याहून सोयीचं, सगळा भार दैवावर! आपलं 'दुर्दैवाने' काय वेगळं आहे? आणि 'रिग्रेटफुली' घातलं तरी वाक्यात खेद करणारा माणूसच नाही, अर्ज तेवढा आहे. अर्जाला कसला आलाय खेद?

मी म्हटलं, "ही क्रियाविशेषणं काढून टाक. 'वी आर सॉरी' लिही आणि लगेच खरं कारण सांग."

"मावशी, साहेब म्हणतील फार घरगुती झालं."

"होऊ दे. पत्र मुलांच्या घरीच जाणार आहे ना?"

साहेबांनी 'सॉरी' खोडून 'रिग्रेट' घातलंच, पण 'वी' राहू दिलं आणि पैसे कमी पडल्याचं वाक्यही ठेवलं. पत्रं गेली. नंतर दोन मुलांनी पुढच्या वर्षीचा अर्ज कधी भरायचा म्हणून फोन केल्याचं भाची सांगत होती.