कोर्तलैयारकाठचे दगड

पल्लावरम आज चेन्नईच्या विमानतळाला खेटून असलेलं उपनगर आहे. ३० मे १८६३ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा रॉबर्ट ब्रूस फूट इथल्या मुरमाच्या खाणीत शोधाशोध करत होता. त्याला माणसाने घडवलेला एक दगड सापडला आणि भारतातल्या पुराश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. आता इथे वस्तीच वस्ती. मी न थांबता पुढे निघालो.

साठेक किलोमीटरवर, वायव्येला, कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यात अत्तिरामपक्कम आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फूट आणि त्याचा सहकारी विल्यम किंग इथे पोचले होते. ओघळींनी चिरलेली लालसर जमीन, खुरटी झुडपं आणि क्वार्ट्झाइटचे गोटे. नवख्याला सगळे दगड सारखेच. दोन्ही बाजूंनी छिलके काढून टोकदार केलेली हातकुऱ्हाड ओळखायला नजर बसावी लागते. उचलायचं मात्र काही नाही. दगड जागचा हलला की त्याची निम्मी साक्ष गेली.

फूटची अडचण हीच होती. हत्यारं मिळाली, वय कळेना.

ते कळायला पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांना खोल जावं लागलं. पप्पूंचं संशोधन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घडलेलं. १९९९पासून त्यांनी इथे खणायला घेतलं. चिकणमातीच्या जाड थरात हातकुऱ्हाडी निघाल्या, जनावरांचे दात निघाले, पावलांचे ठसेही. उघड्यावरच्या क्वार्ट्झवर वैश्विक किरण पडले की त्यात ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात. दगड खोल गाडला गेला की ही भर जवळजवळ थांबते आणि दोन्ही समस्थानिकं वेगवेगळ्या गतीने घटू लागतात. त्यांचं गुणोत्तर मोजलं की गाडलं गेल्याचा काळ निघतो. २०११ साली उत्तर जाहीर झालं: सुमारे पंधरा लाख वर्षं! भारतातल्या हातकुऱ्हाडी पाच-सहा लाख वर्षांच्या असाव्यात, असं मानणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. मातीतले चुंबकीय पुरावेही या जुन्या काळाशी जुळत होते.

वरच्या थरांनी आणखी एक वाद उकरला. गाभ्याचा दगड आधी बेतून मग हवा तसा छिलका काढण्याचं तंत्र इथे सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दिसतं, असं २०१८ साली याच गटाने मांडलं. घडवणाऱ्याचं एकही हाड मात्र सापडलेलं नाही. आधुनिक मानवाने हे तंत्र आफ्रिकेतून सव्वा लाख वर्षांपूर्वी भारतात आणलं म्हणणाऱ्यांना हा काळ अडचणीचा ठरतो.